हन्नेचा नवस

यहुदी वर्षाचा आरंभ 'रोश हशाना' या सणाने होतो. कोकणातील बेने इस्राएल मंडळी त्याला 'नव्याचा सण' म्हणत. त्याच्या पहिल्या दिवशी प्रार्थनामंदिरात हन्नेची कथा वाचली जाते. १८८० च्या सुमारास याच समाजाने मुंबईत आपल्या शास्त्रातील आख्याने मराठी कीर्तनात आणली. म्हणून आम्हा कीर्तनकारांना ही कथा परकी वाटत नाही.

हन्ना निपुत्रिक होती. सवतीचे टोमणे असह्य होऊन तिने शिलो येथील मंदिरात ओठांतल्या ओठांत नवस बोलला. देवाने पुत्र दिल्यास तो जन्मभर त्यालाच वाहीन, त्याच्या मस्तकास वस्तरा लागू देणार नाही! वृद्ध याजक एलीला तर ती मद्यधुंदच वाटली.

वस्तऱ्याचे हे बोलणे 'नाजीर' व्रताचे स्मरण देते. नाजीर म्हणजे वेगळा झालेला. गणना ग्रंथाच्या सहाव्या अध्यायाप्रमाणे हे व्रत स्त्रीपुरुष दोघांनाही घेता येई. द्राक्षारस, द्राक्षे, मनुकासुद्धा वर्ज्य. केस कापणे वर्ज्य. आणि प्रेताजवळ जाणे वर्ज्य, मग ते मातापित्यांचे का असेना! मुदत न बोलल्यास मिश्नाप्रमाणे ती ३० दिवसांची. उद्यापनास कोकरू, मेंढी, मेंढा व बेखमीर भाकरींची टोपली अर्पण करून उतरविलेले केस अग्नीत टाकीत.

यातील मेंढी पापार्पणाची. व्रतस्थाचे पाप ते कोणते? तल्मुदातील एलाझार हाकप्पार सांगतात की, द्राक्षारस वर्ज्य करून त्याने स्वतःच्या जिवाला क्लेश दिले, हाच दोष. व्रताची थोरवी गाणाऱ्या आम्हांस या उत्तराने अंतर्मुख केले.

स्वतःच्या जिवाची ही कथा, मग दुसऱ्याच्या जिवाची काय? इफ्ताह सेनापतीने जय मिळाल्यास घरातून प्रथम सामोरे येईल ते अर्पण करण्याचा नवस केला. आणि डफ वाजवीत सामोरी आली ती त्याची एकुलती एक कन्या! नवस न करण्यात पाप नाही, केल्यास मात्र तो फेडावा, असे अनुवाद ग्रंथ बजावतो. पुढे धर्मपंडितांनी अविचारी नवसातून सोडविण्याचा मार्गही मान्य केला. मिद्राशात म्हटले आहे की, इफ्ताह सेनापतीपणाच्या व फिनहास याजकपणाच्या अभिमानात राहिला. कोणी कोणाकडे गेला नाही आणि त्या मानापमानात मुलीचा घात झाला.

हन्नेनेही लेकरूच वाहिले. परंतु दूध तुटेपर्यंत तिने शमुवेलाला जवळ ठेवले, मगच शिलोला नेले. आणि दरवर्षी त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून ती घेऊन जाई. मूल किती वाढले असेल, याचा अंदाज ती माता वर्षभर मनाशी बांधीत असली पाहिजे. वाचकहो, तिने शब्द पाळला, पण मायाही सोडली नाही. नवस बोलण्यापूर्वी त्याची किंमत कोण मोजणार, एवढे आपण स्वतःस विचारले तरी या कथेचे श्रवण सार्थकी लागेल.