चार प्रांतांचा चषक

आयर्लंडमध्ये बायका जे हर्लिंग खेळतात त्याला कॅमोगी म्हणतात. हातात लाकडी काठी, छोटा कडक चेंडू, गोलला तीन गुण आणि दांडीच्या वरून चेंडू मारला तर एक. पहिला जाहीर सामना 17 जुलै 1904 रोजी नावान गावात झाला. अखिल आयर्लंड स्पर्धा मात्र 1932 साली सुरू झाली. ती काउंट्यांची, म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांची. तिचा ओ'डफी चषक आजही या खेळातला सर्वांत मोठा मान.

पण मला मागोवा घ्यायचा आहे तो तिच्या सावलीत वाढलेल्या दुसऱ्या चषकाचा. 1956 साली चार प्रांतांच्या निवडक संघांमध्ये गेल लिन चषकाची स्पर्धा सुरू झाली. गेल लिन ही 1953 साली स्थापन झालेली, आयरिश भाषेसाठी झटणारी संस्था. गेलिक सामन्यांच्या निकालांवर पैसे लावण्याच्या योजनेतून ती निधी उभा करी. पुरुषांच्या हर्लिंगमध्ये अशी आंतरप्रांतीय स्पर्धा, रेल्वे चषक, 1927 पासूनच होती. बायकांना तिच्या जोडीची स्पर्धा मिळायला जवळपास तीस वर्षं लागली.

या चषकाची गरज कळायला त्या काळातली अखिल आयर्लंड विजेत्यांची यादी पाहावी. 1948 ते 1955 सलग आठ वर्षं डब्लिन. 1957 ते 1966 सलग दहा वर्षं पुन्हा डब्लिनच. मधल्या एका वर्षी, 1956 साली, अँट्रिमने उपांत्य फेरीत डब्लिनला हरवलं आणि अंतिम सामन्यात कॉर्कला. गेल लिन चषक सुरू झाला तो नेमका त्याच वर्षी. एकोणीस वर्षांत एक अपवाद! डब्लिनच्या कॅथलीन मिल्सने 1942 ते 1961 या काळात अखिल आयर्लंडची पंधरा पदकं मिळवली. आपल्याकडे मुंबईने 1958-59 पासून सलग पंधरा वेळा रणजी करंडक घरी नेला, तशातलाच हा प्रकार. त्या पंधरांतल्या बहुतेक वर्षांत दुसऱ्या राज्यांतल्या गुणी खेळाडूंना दुलीप करंडकात विभागाकडून खेळायची संधी तरी होती. डब्लिनबाहेरच्या आयरिश मुलींसाठी ते काम गेल लिन चषकाने केलं.

म्हणजे करायला हवं होतं, असं म्हणणं जास्त रास्त. तेव्हा संघात बाराच खेळाडू असत. लेन्स्टर प्रांतात काउंट्याही बारा आणि त्यातली एक डब्लिन. लाउथ किंवा किल्डेअरच्या मुलीला जागा मिळवायची तर देशातल्या सर्वोत्तम संघातल्या कुणाला तरी बाजूला सारावं लागे. कॉनॉक्टचं दुखणं वेगळं. पाच काउंट्या, पण कॅमोगीची खरी ताकद गॉलवेत एकवटलेली, आणि गॉलवेलाही पहिलं अखिल आयर्लंड विजेतेपद 1996 पर्यंत मिळालं नाही. जेतेपदं प्रामुख्याने लेन्स्टर आणि मन्स्टरकडेच गेली, यात नवल नाही.

मला सगळ्यांत जास्त आकर्षण अल्स्टरच्या संघाचं. नऊ काउंट्यांचा हा प्रांत. त्यातल्या सहा उत्तर आयर्लंडमध्ये, ब्रिटिश राज्यात, आणि तीन सीमेपलीकडे प्रजासत्ताकात. 1956 साली त्या संघाचा कणा अर्थातच अँट्रिमच्या मुलींचा. खेळाने प्रांताची जुनी हद्द धरली, राजकारणाने आखलेली नाही. पुढे उत्तरेत वर्षानुवर्षं बंदुका चालल्या, तरी अल्स्टरचा संघ नऊ काउंट्यांचाच राहिला. माझ्या मते कुठल्याही जेतेपदापेक्षा ही गोष्ट मोठी.

नंतर काउंट्यांचं चित्र पालटलं. डब्लिनचं शेवटचं अखिल आयर्लंड विजेतेपद 1984 चं, अँट्रिमचं 1979 चं. किल्केनीने 1985 ते 1991 सलग सात वेळा बाजी मारली आणि त्या संघातल्या अँजेला डाउनीचं नाव घरोघरी पोचलं. 1999 पासून संघ पंधरा जणींचा झाला, मैदानही पुरुषांइतकं मोठं. काउंटीचा हंगाम लांबत गेला, सराव वाढला, आणि प्रांतासाठी तारीख काढायची कुणी हा प्रश्न उरला. स्पर्धा अधूनमधून होई, कधी राहून जाई. पुरुषांच्या रेल्वे चषकाचंही तेच झालं. एकेकाळी सेंट पॅट्रिक दिनी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर त्याला हजारोंची गर्दी होई, नंतर प्रेक्षक शेकड्यांत मोजायची वेळ आली. लोकांचा जीव काउंटीत अडकलेला असतो. प्रांताच्या विजयाचा जल्लोष करायला गावात कुणी जमत नाही.

आणि तरी 2013 पासून 2025 पर्यंत ओ'डफी चषक फक्त तीन काउंट्यांकडे फिरतो आहे: कॉर्क, गॉलवे, किल्केनी. डाउन, लिमरिक किंवा ऑफलीची एखादी उत्तम खेळाडू क्रोक पार्कवरचा तो अंतिम सामना न खेळताच निवृत्त होईल. 1956 मध्ये तिच्यासारखीला निदान एक दुसरा चषक होता.