घराबाहेरील व जोडइमारतीतील वायरिंग : केबलची निवड, सुरक्षा आणि मांडणी

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत.
१. घराबाहेरील वायरिंग घरातल्या वायरिंगपेक्षा वेगळे का, हे सांगणे.
२. अंतर व भार दिल्यास केबलचा आकार ठरवणे.
३. केवळ एमसीबी आणि अर्थिंग का पुरत नाही, हे आकडेमोडीने दाखवणे.
४. जमिनीखालून केबल टाकण्याची व तपासणीची पद्धत सांगणे.

१. प्रस्तावना

गोठा, पंपघर, गॅरेज, पत्र्याची शेड अशा मुख्य घरापासून वेगळ्या बांधकामाला या पाठात जोडइमारत म्हटले आहे. घरात ज्या गोष्टी क्वचित घडतात, त्या येथे रोजच्या असतात : ओली जमीन, अनवाणी पाय, ऊन-पाऊस, उंदीर, कुदळ-फावड्याचा घाव आणि सगळीकडे लोखंड. पत्र्याच्या शेडला बांधलेली कपडे वाळत घालण्याची तारसुद्धा अशा ठिकाणी जिवंत होऊ शकते. पत्र्याला कुठेतरी फेजची वायर घासलेली असते आणि त्याचा पत्ता कोणाला नसतो.

संपूर्ण पाठासाठी एकच उदाहरण घेऊ. घरापासून ४५ मीटरवर गोठा आहे. तेथे २ अश्वशक्तीची सिंगल फेज कडबाकुट्टी, काही दिवे आणि एक सॉकेट हवे आहे. पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ.

२. केबलचा प्रकार

घरात वापरतो ती साधी पीव्हीसी वायर (आयएस ६९४) पाइपातून नेण्यासाठी आहे. ती उघड्यावर टांगली, तर उन्हाने आवरण कडक होऊन तडकते आणि तडातून पाणी शिरते. बाहेरच्या कामासाठी आर्मर्ड केबल घ्यावी : पीव्हीसी असल्यास आयएस १५५४ (भाग १), एक्सएलपीई असल्यास आयएस ७०९८ (भाग १). पोलादी आर्मरमुळे कुदळीच्या घावापासून व उंदरांपासून बरेच संरक्षण मिळते. बाहेरचे आवरण काळे असण्यालाही कारण आहे. त्यातील कार्बनमुळे उन्हातील अतिनील किरणांचा परिणाम कमी होतो.

एक घातक प्रथा येथेच नोंदवू. फक्त फेजची एक तार गोठ्यापर्यंत न्यायची आणि न्यूट्रलऐवजी जमिनीत सळई ठोकायची. या पद्धतीत भाराचा सगळा प्रवाह जमिनीतून परततो आणि सळईभोवतीच्या जमिनीत व्होल्टेज निर्माण होते. फेज, न्यूट्रल आणि अर्थ असे तीन वाहक नेलेच पाहिजेत. आपल्या उदाहरणात तीन कोरची केबल लागेल.

३. केबलचा आकार

प्रथम प्रवाह काढू. मोटारची यांत्रिक शक्ती सुमारे १५०० वॅट, कार्यक्षमता ०.७ आणि शक्तिगुणक ०.८ धरल्यास

प्रवाह = १५०० ÷ (२३० × ०.७ × ०.८) = ११.६, म्हणजे सुमारे १२ अँपिअर.

दिवे व सॉकेटसाठी २ अँपिअर धरून एकूण १४ अँपिअर. एवढा प्रवाह २.५ चौ.मिमी. तांब्याची केबल सहज वाहते. बरेच विद्यार्थी येथेच थांबतात. पण लांब अंतरावर आकार ठरतो तो तापण्यावरून नव्हे, तर व्होल्टेज किती घटते यावरून.

प्रवाह फेजमधून जातो आणि न्यूट्रलमधून परततो, म्हणून लांबी ९० मीटर धरावी. तांब्याच्या वाहकाचा २० अंश सेल्सिअसला प्रति किलोमीटर रोध २.५ चौ.मिमी. साठी ७.४१ ओहम, ४ साठी ४.६१ ओहम आणि ६ साठी ३.०८ ओहम असतो. घट = प्रवाह × रोध या सूत्राने :

• २.५ चौ.मिमी. : रोध ०.६६७ ओहम, घट ९.३ व्होल्ट (४.१ टक्के)
• ४ चौ.मिमी. : रोध ०.४१५ ओहम, घट ५.८ व्होल्ट (२.५ टक्के)
• ६ चौ.मिमी. : रोध ०.२७७ ओहम, घट ३.९ व्होल्ट (१.७ टक्के)

केबल ७० अंशांपर्यंत तापली, तर रोध सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. दिव्यांसाठी ३ टक्के व इतर भारासाठी ५ टक्के घट ही सर्वसाधारण मर्यादा मानतात आणि ती घराच्या मीटरपासून मोजायची असते. घरातल्या वायरिंगचा वाटा धरता ४ चौ.मिमी. अगदी काठावर येते.

आता मोटार सुरू होतानाची स्थिती पाहू. सुरुवातीचा प्रवाह पाचपट, म्हणजे ६० अँपिअर धरला, तर २.५ चौ.मिमी. केबलवर ४० व्होल्ट घटतात आणि मोटारला १९० व्होल्टच मिळतात. सुरुवातीचे बलआघूर्ण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ते ६८ टक्क्यांवर येते. कडब्याने भरलेली कुट्टी अशा वेळी फिरतच नाही, नुसती गुणगुणते, आणि वाइंडिंग जळते. ६ चौ.मिमी. केबलवर मोटारला सुमारे २१३ व्होल्ट, म्हणजे ८६ टक्के बलआघूर्ण मिळते. म्हणून निवड ६ चौ.मिमी.

४. एमसीबी आणि अर्थिंग का पुरत नाही

हा या पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. गोठ्याचे अर्थिंग १० ओहमचे आहे आणि ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचे अर्थिंग ५ ओहमचे आहे, असे धरा. मोटार बंद आहे. १६ अँपिअरच्या एमसीबीवरील फेजची वायर घासून शेडच्या लोखंडी खांबाला लागली आणि खांब अर्थ केलेला आहे.

दोषप्रवाह = २३० ÷ (१० + ५) = सुमारे १५ अँपिअर.

सी प्रकारच्या एमसीबीला तत्काळ तुटण्यासाठी पाच ते दहापट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. १५ अँपिअर हा तर तिला नेहमीच्या भारासारखाच वाटतो. ती कधीच तुटणार नाही. तोपर्यंत खांबावर १५ × १०, म्हणजे सुमारे १५० व्होल्ट उभे राहतात. अर्थिंग आहे, एमसीबी चालू स्थितीत आहे, आणि तरीही खांबाला हात लावणारा दगावू शकतो.

म्हणून आरसीसीबी अनिवार्य समजावी. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची तुलना करते. फरक ३० मिलिअँपिअर झाला, की साधारण प्रकारची आरसीसीबी ०.३ सेकंदाच्या आत तुटते. फरक पाचपट असेल, तर ०.०४ सेकंदात. वरील दोषात फरक १५ अँपिअरचा असल्याने ती तत्काळ तुटेल.

दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. आरसीसीबी प्रवाहाचे मूल्य कमी करत नाही, फक्त त्याचा काळ कमी करते. आणि एका हाताने फेज व दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरल्यास तिला फरक दिसत नाही.

घराच्या टोकाला विलंबित (एस प्रकारची) १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची आणि गोठ्याच्या पेटीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी. दोन्हीकडे ३० मिलिअँपिअरच्या साध्या बसवल्यास गोठ्यातल्या दोषाने घरही अंधारात जाऊ शकते.

गुरांबाबत एक वेगळी बाब आहे. गाईच्या पुढच्या व मागच्या पायांत बरेच अंतर असते, त्यामुळे जमिनीतील व्होल्टेजचा फरक तिच्या छातीतून जातो. म्हणून गव्हाणीचे पाइप, खांब, पत्रे आणि शक्य असल्यास फरशीखालील जाळी एकमेकांना जोडून अर्थला जोडावी.

५. मांडणी

• चर ७५० मिमी. खोल घ्यावा. तळाशी वाळू, त्यावर केबल, पुन्हा वाळू, मग विटा आणि वर इशारा देणारी पट्टी. पट्टीमुळे पुढे खणणाऱ्याला वेळीच कळते.
• वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या किमान १२ पट ठेवावी.
• रस्त्याखाली केबल पाइपातून न्यावी. जमिनीखाली सांधा टाळावा.
• दोन्ही टोकांना ग्लँड बसवून आर्मर अर्थला जोडावे.
• बाहेरची पेटी आयपी ५५ किंवा त्याहून वरच्या दर्जाची घ्यावी. केबल खालूनच आत न्यावी. वरून नेल्यास पाणी केबलच्या कडेने आत उतरते.
• गोठ्यात फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा मुख्य स्विच हाताशी असावा.

६. पुरवठा देण्यापूर्वीची तपासणी

पुढील क्रम पाळावा : अर्थ वाहकाची सलगता, ५०० व्होल्ट मेगरने इन्सुलेशन रोध (किमान १ मेगओहम), फेज-न्यूट्रलची योग्य जोडणी, अर्थ इलेक्ट्रोडचा रोध आणि शेवटी पुरवठा देऊन आरसीसीबीची चाचणी. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. घरच्या माणसांना एवढे जरूर शिकवावे, की आरसीसीबीचे टेस्ट बटण ठरावीक काळाने दाबायचे. बटण दाबूनही ती तुटली नाही, तर बदलेपर्यंत गोठ्याचा पुरवठा बंद ठेवायचा.

स्वाध्याय

१. पंपघर ६० मीटरवर आहे, भार १० अँपिअर, केबल ४ चौ.मिमी. तांब्याची. २० अंशांना घट काढा. (उत्तर : ५.५ व्होल्ट, २.४ टक्के)
२. भाग ४ मधील गोठ्याचे अर्थिंग सुधारून २ ओहम केले. दोषप्रवाह व खांबावरील व्होल्टेज काढा. एमसीबी तत्काळ तुटेल का? (उत्तर : सुमारे ३३ अँपिअर, ६६ व्होल्ट, नाही)
३. न्यूट्रलऐवजी जमिनीत सळई वापरलेल्या जोडणीवर आरसीसीबी बसवल्यास भार सुरू करताच काय होईल? कारण सांगा.