दूरचित्रवाणी-मालिकांतील हॅकर

दूरचित्रवाणी-नाट्यातील हॅकर बहुधा मांत्रिकाचा वंशज असतो. कळफलकावर बोटे नाचली की तिजोरी उघडलीच. सॅम इस्माईल यांच्या ‘मिस्टर रोबोट’ (२०१५–२०१९) या अमेरिकी मालिकेने ही रूढी मोडली. तीत पडद्यावरील आज्ञा खऱ्या आहेत, याचे कौतुक पुष्कळ झाले. मला ते गौण वाटते. तुरुंगाबाहेर मुद्दाम टाकलेला पेनड्राइव्ह एक पोलीस कुतूहलापोटी संगणकाला जोडतो, आणि विषाणूरोधक प्रणालीमुळे डाव फसतो, या प्रसंगात वास्तव अधिक आहे. यंत्राआधी माणूस भेदावा लागतो आणि भेद पुष्कळदा फसतो, हे त्यात दिसते. नायक एलियटचा एकांत मात्र जुन्या स्वच्छंदतावादी नायकाचाच. उलट, झारखंडातील ‘जामतारा’ (२०२०) या हिंदी मालिकेतली पोरे बँकेचे अधिकारी म्हणून दूरध्वनीवर बोलतात आणि समोरच्याकडूनच कार्डाचा क्रमांक काढून घेतात. त्यांना हॅकर म्हणावे काय, याविषयी मतभेद होतील.