नामंजुरीचे पत्र

घराचा कर्ता माणूस अकाली जातो, गृहकर्जाचे पंधरा-सोळा वर्षांचे हप्ते मागे उरतात, कर्ज घेतेवेळी बँकेने उतरविलेल्या विम्याची कोणाला तरी आठवण होते, कपाटातले कागद बाहेर निघतात, दावा दाखल होतो, आणि काही दिवसांनी कंपनीचे पत्र येते की मयताने पूर्वीचा आजार जाहीर न केल्यामुळे दावा नामंजूर करण्यात येत आहे. यानंतर भेटीला येणाऱ्या मंडळींत एक तरी जाणता गृहस्थ असा निघतोच, की जो ठामपणे सांगतो, "कंपनीनं नाही म्हटलं ना, मग विषय संपला. आजार लिहिला नव्हता, आता काही होणार नाही." हे उद्गार मी सुशिक्षितांच्या, निवृत्त अधिकाऱ्यांच्या, क्वचित बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या माणसाच्याही तोंडून इतक्या वेळा ऐकले आहेत, की आता ते ऐकून शांत राहणे मला कठीण जाते, कारण या एका वाक्यावर विसंबून माणसे दागिने मोडतात आणि राहते घर विकायला काढतात.

नामंजुरीचे पत्र म्हणजे करारातील एका पक्षाची कैफियत होय. ज्याच्याकडून पैसे येणे आहे त्यानेच ती लिहिलेली असते, आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क कायद्याने दुसऱ्या पक्षाला दिलेला आहे. परंतु छापील मजकूर, सहीशिक्का आणि कलमांचे आकडे पाहिले की दुःखाने खचलेल्या घराला तो न्यायालयाचा हुकूमनामाच वाटतो.

या विम्याची घडणच मुळी अशी आहे की कर्जदाराला त्याची पुरती ओळख होत नाही. बहुधा ही समूह विमा योजना असते. मूळ पॉलिसी बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या नावे, कर्जदार तिचा केवळ एक सभासद, आणि त्याच्या हाती येते ते विम्याचे प्रमाणपत्र. हप्ता एकरकमी असतो आणि पुष्कळदा तो कर्जाच्या मुद्दलातच मिळविला जातो, म्हणजे त्यावरही व्याज चढते. कर्जाच्या तीस-चाळीस सह्यांच्या गर्दीत 'माझी प्रकृती उत्तम आहे' अशा अर्थाच्या प्रतिज्ञापत्रावरही एक सही होऊन जाते. पुढे वाद पेटतो तो याच कागदावरून.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९३८ च्या विमा अधिनियमाचे कलम ४५ हे या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. पूर्वी त्यात दोन वर्षांची मर्यादा होती; २०१५ च्या दुरुस्तीने ती तीन वर्षांची झाली, पण त्याबरोबर विमेदाराचे संरक्षणही पुष्कळ दृढ झाले. पॉलिसी दिल्याची, जोखीम सुरू झाल्याची किंवा बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्याची तारीख, यांपैकी जी नंतरची असेल तिच्यापासून तीन वर्षे उलटली, की त्या आयुर्विम्याला कोणत्याही कारणास्तव आव्हान देता येत नाही. कपटाचे कारणही मग चालत नाही. म्हणून पत्र हाती पडताच रडण्यापूर्वी, किंवा रडून झाल्यावर, पहिली गोष्ट करावी ती प्रमाणपत्रावरील तारीख वाचण्याची.

तीन वर्षांच्या आतील प्रकरणांतही कंपनीला मोकळे रान नाही. आपला निर्णय कोणत्या कारणांवर आणि कोणत्या पुराव्यांवर आधारलेला आहे हे तिने वारसांना किंवा नामनिर्देशित व्यक्तीला लेखी कळविलेच पाहिजे. इथे पत्रातील शब्द बारकाईने वाचावे लागतात. 'कपट' असा आरोप असेल तर प्रकरण खडतर असते, कारण विमेदार हयात नसल्यास ते कपट नव्हते हे दाखविण्याचा भार कायद्याने लाभार्थींवर टाकलेला आहे. मात्र केवळ चुकीचे कथन किंवा वस्तुस्थिती दडविणे एवढाच आक्षेप असेल, तर दडविलेल्या गोष्टीचा जोखमीशी थेट संबंध असावा लागतो, आणि ती ठाऊक असती तर आपण ही पॉलिसी दिलीच नसती हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. अशा कारणाने दावा फेटाळला तरी भरलेला हप्ता ९० दिवसांत परत करणे तिला बंधनकारक आहे. हप्ता परत आला म्हणजे वाद मिटला, अशी समजूत करून घेऊ नये.

सर्वोच्च न्यायालयानेही याबाबत विचार केलेला आहे. २०१५ च्या एका निवाड्यात विमेदाराने कमरेच्या मणक्याचा विकार सांगितलेला नव्हता आणि मृत्यू हृदयविकाराने झाला होता. तो विकार प्राणघातक नव्हता आणि मृत्यूचे कारणही नव्हता, म्हणून दावा नाकारणे न्यायालयाने अमान्य केले. परंतु याच्या उलट बाजूही सांगितलीच पाहिजे, नाहीतर मीही अर्धसत्यच पसरविल्यासारखे होईल. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने, दुसऱ्या कंपनीकडे नुकतीच घेतलेली पॉलिसी प्रस्तावपत्रात न दाखविल्यामुळे झालेली नामंजुरी कायम केली, आणि अर्ज न वाचता सही केली ही सबब मानली नाही. तेव्हा 'फॉर्म एजंटने भरला होता' या एकाच युक्तिवादावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. मधुमेहावर नियमित इन्सुलिन घेणाऱ्याने तो लपविणे आणि पाच वर्षांपूर्वी झालेल्या सर्दीतापाची नोंद राहून जाणे, या दोहोंत महदंतर आहे, आणि भांडायचे ते या अंतरावर.

भांडण कसे करावे? प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून प्रस्तावपत्र, प्रकृतीचे प्रतिज्ञापत्र, तपास अहवाल आणि ज्या रुग्णालयीन नोंदींवर कंपनी विसंबली आहे त्यांच्या प्रती मागाव्यात. एक महिन्यात उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे शुल्क नाही, वकील चालत नाही, वारस किंवा नामनिर्देशित व्यक्ती स्वतः तक्रार करू शकते, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा लोकपाल देऊ शकतात. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदाराला तो न पटल्यास ग्राहक आयोगाचे दार उघडेच राहते. मात्र आयोगात तक्रार आधीच चालू असेल, तर लोकपाल ती हाती घेत नाहीत, हा क्रम ध्यानात ठेवावा.

ग्राहक आयोगासाठी मुदत दोन वर्षांची आहे. येथेही एक गैरसमज नडतो: दावा मोठ्या रकमेचा म्हणून माणसे राज्य आयोगाच्या पायऱ्या चढण्याच्या धास्तीने घरीच बसतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अधिकारक्षेत्र ठरते ते भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे विम्याच्या हप्त्यावर. त्यामुळे ६० लाखांचा दावा असला तरी हप्ता लाख-दीड लाखाचा असेल, तर तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातच करता येते, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्कही पडत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. कर्जासोबत विमा घेणे सक्तीचे असल्याचे सांगतात. तशी सक्ती कोणत्याही कायद्यात नाही. कर्जावरचा विमा म्हणजे घराचा विमा नव्हे. आग किंवा पूर यांच्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. विम्याने सारे कर्ज फिटतेच असेही नाही, कारण पुष्कळ योजनांत संरक्षणाची रक्कम आरंभी ठरलेल्या तक्त्याप्रमाणे दरवर्षी उतरत जाते, आणि हप्ते थकले किंवा व्याजदर वाढून मुदत लांबली, तर प्रत्यक्ष बाकी त्या तक्त्याहून अधिक निघते. नोकरी गेल्यास हप्ते भरणारा विमा हा आयुर्विमा नसल्यामुळे कलम ४५ त्याला लागू नाही. त्यात राजीनामा, परिविक्षा काळातील सेवासमाप्ती आणि गैरवर्तनामुळे झालेली बडतर्फी सामान्यतः वगळलेली असते, आणि मिळतात तेही मोजकेच हप्ते. वडिलांचे कर्ज मुलांच्या अंगावर पडते हेही अर्धेच खरे: सहकर्जदार किंवा जामीनदार नसलेल्या वारसाची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरती असते.

आणि दावा प्रलंबित असताना हप्ते आपोआप थांबतात, ही समजूत तर घर घालविणारी आहे. ९० दिवस हप्ता थकला की खाते अनुत्पादक ठरते, आणि मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. विमा कंपनीशी चाललेला वाद हा बँकेच्या लेखी स्थगितीचा हुकूम नसतो. म्हणून जमेल तितका हप्ता भरत राहावे, दाव्याची पोच जोडून वसुलीस सवलत मागणारा अर्ज बँकेच्या शाखेत द्यावा, आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.