दोन-तीन वर्षांच्या लेकराला घेऊन वंडरला, रामोजीला निघालात? आधी घरच्या भिंतीला उभं करून उंची मोजा

दिवाळी झाली की नांदेड-लातूरकरांच्या स्टेटसवर हैदराबाद दिसायला लागतं. कुणी रामोजी फिल्म सिटीच्या गेटसमोर, कुणी वंडरलाच्या वेव्ह पूलमध्ये. मग घरात विषय निघतो, आपण कधी जायचं? सोबत आजी-आजोबा असतात, आत्याची पोरं असतात आणि कडेवर दोन-अडीच वर्षांचं लेकरू असतं. अख्ख्या सहलीचं गणित खरं तर त्या लेकरावर ठरायला हवं. आपण मात्र हॉटेल, गाडी, तिकीट सगळं ठरवून झाल्यावर त्याचा विचार करतो.

वय नाही, उंची विचारतात

एसटी आणि रेल्वेत मुलांचं वय विचारतात. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही (रेल्वेत वेगळा बर्थ नको असेल तर). थीम पार्कच्या गेटवर मात्र भिंतीवर पट्टी रंगवलेली असते आणि लेकराला तिथं उभं करतात. वंडरलामध्ये ८५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, ८५ ते १४० सेंटिमीटरला लहान मुलांचं तिकीट आणि त्यावर मोठ्यांचं.

आता हे ८५ सेंटिमीटर म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार दोन वर्षांच्या मुलाची मध्यम उंची ८६-८७ सेंटिमीटर असते, तीन वर्षांची ९५-९६ आणि चार वर्षांची १०३ च्या आसपास. म्हणजे दुसरा वाढदिवस झाला की बरीच मुलं तिकिटाच्या रेषेवर येतात. पण वयावरून अंदाज बांधू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने कमी उंचीची आढळली होती. अंगणवाडीत दर महिन्याला वजन-उंचीची नोंद होते, ती ताईंना विचारा. नाहीतर घरीच भिंतीला टाच लावून, चप्पल काढून मोजा.

गंमत पुढे आहे. तिकीट लागलं म्हणजे राइड मिळाली असं नाही. प्रत्येक राइडची स्वतःची उंचीची अट असते आणि मोठ्या राइड्सची अट एक मीटरच्या बरीच वर असते. ९० सेंटिमीटरच्या लेकराचं तुम्ही तिकीट काढता आणि त्याच्या वाट्याला छोटी चक्रं, घोडे आणि उथळ पाण्याचा हौद एवढंच येतं. मोठ्यांचं तिकीट हजाराच्या वर आहे. सहा जणांच्या घरात एक जण सतत लेकराला धरून बसणार आणि एक जण पिशव्या सांभाळणार. बहुतेक वेळा ती आजी असते, आणि तिचंही पूर्ण तिकीट काढलेलं असतं.

ही अट एवढी कडक का?

"मांडीवर घेऊन बसतो ना, काय होतंय" हे वाक्य राइडच्या रांगेत हमखास ऐकू येतं. पण राइडचा पट्टा किंवा दांडा ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो. मोठ्या माणसाच्या मांडीवर तो घट्ट बसला की त्याच्या कुशीतल्या लेकरासमोर मोकळी जागाच राहते. झटका बसला की लेकरू दांड्याखालून सरकतं. हातांनी धरून ठेवू असं वाटतं, पण वेगात त्या हातांचा उपयोग होत नाही.

दुसरं कारण डोक्याचं. मोठ्या माणसाचं डोकं उंचीच्या साधारण सातवा-आठवा भाग असतं, दोन वर्षांच्या मुलाचं जवळपास पाचवा. डोकं जड आणि मानेचे स्नायू कच्चे. आपल्याला जो हिसका मजेचा वाटतो, तो त्या मानेला पेलत नाही. त्यामुळे एक सेंटिमीटरसाठी ऑपरेटरशी वाद घालू नका. बूट उंच टाचेचे घालून नेणं तर अजिबात नको.

हैदराबादच का, आणि त्यात कुठं?

नांदेड असो की लातूर, हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. खोपोलीचं इमॅजिका लातूरहून चारशेच्या वर आणि नांदेडहून पाचशेच्या वर पडतं. दोन वर्षांच्या मुलासोबत हा फरक फार मोठा आहे. आपल्या आई-बापांच्या पिढीने जाहिरातीत पाहिलेलं गोराईचं एस्सेलवर्ल्ड तर बंदच झालं.

नकाशा मात्र नीट बघा. नांदेडकर देगलूरवरून आणि लातूरकर उदगीर-बिदर किंवा उमरगा मार्गे, दोघेही संगारेड्डी-पटानचेरूच्या बाजूने म्हणजे शहराच्या वायव्येकडून आत शिरतात. वंडरला दक्षिणेला रावीरालमध्ये आहे आणि रामोजी पूर्वेला विजयवाडा हायवेवर. शहरातून गेलात तर लेकरू ट्रॅफिकमध्येच रडून थकेल. १५८ किलोमीटरचा आउटर रिंग रोड धरा. टोल लागतो, पण वेळ वाचतो.

दोन्हींत फरक आहे. वंडरला राइड्सचं आणि पाण्याचं पार्क आहे. रामोजी १९९६ पासूनचा स्टुडिओ आहे, साडेसोळाशे एकरांच्या वर पसरलेला. तिथं बसमधून फिरायचं, सेट बघायचे, शो बघायचे. माझं मत विचाराल तर अडीच वर्षांच्या मुलाला रामोजी जड जातं. दिवसभर बसमधून चढ-उतर आणि सेट कुठल्या सिनेमातला याच्याशी त्याला काही घेणंदेणं नसतं.

कधी जायचं हे तेलंगणाच्या शाळा ठरवतात

आपण आपलं कॅलेंडर बघून निघतो आणि तिथं गर्दीत सापडतो. आपल्याकडे संक्रांत म्हणजे एक दिवसाचा तिळगूळ, पण तेलंगणात शाळांना साधारण आठवडाभर सुट्टी असते. बतुकम्मा आणि दसऱ्याला तर जवळपास दोन आठवडे. त्या दिवसांत पार्क भरलेली असतात.

तुमचं लेकरू अजून शाळेत जात नाही, हा मोठा फायदा आहे. मोठी भावंडं नसतील तर नोव्हेंबरच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, मंगळवार-बुधवार धरून जा. रांगा छोट्या मिळतात आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत तिकीटही सहसा स्वस्त असतं. मे महिन्यात हैदराबाद चाळिशी ओलांडतं, त्यामुळे तेव्हा नको.

दिवस कसा जातो

खरी अडचण इथं आहे. लेकरू सहाला उठतं आणि एक-दोनच्या सुमारास झोपतं. पार्क मात्र दहा-अकराला उघडतं. म्हणजे त्याच्या हातात दोन-तीन तासच चांगले असतात. पाण्याचा भाग आधी उरकायचा की राइड्स, हे गेटच्या बाहेरच ठरवा. दुपारी सावलीत झोप होऊ द्या, झोपमोड झालेलं लेकरू संध्याकाळचा सगळा दिवस खराब करतं.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पण बाळाच्या खाण्याला सहसा हरकत नसते. मऊ भात किंवा शिऱ्याचा डबा वेगळा ठेवा आणि तपासणीत आधीच सांगा. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे लागतात. साधा डायपर पाण्यात फुगून फाटतो, पोहण्याचा वेगळा मिळतो तो आधीच घ्या. ओआरएसची पाकिटं सोबत असू द्या. लेकराने सहा तासांत लघवी केली नसेल तर फिरणं थांबवून डॉक्टर गाठा.

सगळ्यात धोक्याची राइड रस्त्यावर आहे

पार्कमध्ये एक सेंटिमीटरवरून अडवतात. पण येताना-जाताना साडेपाचशे किलोमीटर हेच लेकरू पुढच्या सीटवर मांडीत बसलेलं असतं, एअरबॅगसमोर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट न लावल्यास चालकाला हजार रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, राइडबद्दल वर जे लिहिलं ते सगळं इथंही लागू होतं, आणि गाडीचा वेग राइडपेक्षा कमी नसतो. हजाराची दोन तिकिटं कमी करून मुलांची सीट घेतलेली परवडते. ती मागच्या सीटवर लावायची.

एसटीने जाणार असाल तर महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच धरतात. तेलंगणाच्या बसमधला महिलांचा मोफत प्रवास तिथल्या रहिवाशांसाठी आहे, आपलं आधार कार्ड चालत नाही. रेल्वेने नांदेडहून निजामाबाद मार्गे आणि लातूर रोडहून उदगीर-बिदर मार्गे जाता येतं. लेकराला डब्यात चालता-फिरता येतं, म्हणून जमत असेल तर रेल्वेच बरी.

मीटरभर उंची नसेल तर?

मग हैदराबादला जा, पण नेहरू प्राणी संग्रहालय मुख्य ठेवा. १९६३ पासूनचं आहे, झाडी भरपूर, आत फिरायला बॅटरीच्या गाड्या आहेत आणि वाघ बघायला उंची लागत नाही. सोमवारी बंद असतं, तेवढा दिवस सोडून ठरवा. पार्कचं तिकीट मोठ्या भावंडांपुरतं आणि त्यांच्यासोबतच्या एका मोठ्या माणसापुरतं काढा, बाकीचे लेकरासोबत हॉटेलवर थांबतील.

आणि पाळण्याचीच हौस असेल तर माळेगावची खंडोबाची जत्रा आहे, लातूरला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा आहे. फक्त तिथं भिंतीवर पट्टी रंगवलेली नसते, त्यामुळे आकाशपाळण्यात लेकराला बसवायचं की नाही हे तुम्हालाच ठरवावं लागतं. जमिनीलगत फिरणारे छोटे घोडे असतील तर त्यावर बसवा, बाजूला उभं राहून हात धरता येतो.