खळं धुण्याआधी

मशीन भाड्याने न्यायला आलेल्या माणसाला मी पैशांच्या आधी दोन प्रश्न विचारतो. खळं, म्हणजे घरापुढचं काँक्रीटचं अंगण, कुठल्या महिन्यात घातलं, आणि माल मिक्सरमध्ये कालवला की खाली जमिनीवर? गणपतीसाठी मुंबईहून आलेला चाकरमानी वैतागतो. त्याला प्रेशर वॉशर हवा असतो, शेवाळावरून कुणीतरी घसरून पडेल याची धास्ती असते, आणि हा दुकानदार महिने विचारत बसलाय! पण लांज्यात हार्डवेअरचं दुकान टाकण्याआधी मी बांधकामांवर सुपरवायझर होतो. आमच्या भागातली खळी कशी घातली जातात, ते मला पक्कं ठाऊक आहे.

ती घातली जातात मे महिन्यात. घरची माणसं सुट्टीला गावात असतात, गवंड्याने चार ठिकाणी शब्द दिलेला असतो आणि विहिरीने तळ गाठलेला असतो. बिगारी खडी, वाळू, सिमेंट फावड्याने ओढतो आणि माल पटकन पसरावा म्हणून वर बादली ओततो. एम-२० दर्जाच्या काँक्रीटला, म्हणजे एकास दीडास तीनच्या मालाला, पन्नास किलोच्या पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी असं भारतीय मानक ४५६ सांगतं. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. खरं म्हणजे सिमेंटच्या रासायनिक क्रियेला त्याच्या वजनाच्या पाव हिश्श्याइतकंच पाणी पुरतं. उरलेलं फक्त माल हलवता यावा म्हणून. प्रत्यक्षात बादल्या कोण मोजतो? जादा पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या ठेवतं. काही पाणी आधीच वर येतं, ते सिमेंटची नि वाळूतल्या मातीची सगळ्यात बारीक पूड घेऊन. दुधावर साय धरावी तसा एक ठिसूळ थर वर बसतो. गवंडी त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरवून थापीने घोटतो, खळं चकचकीत दिसतं, मालक खूश होतो.

मग पाणी मारायची पाळी येते. साध्या सिमेंटला निदान सात दिवस, आणि आमच्याकडे पोत्यांतून सर्रास येणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला निदान दहा दिवस काँक्रीट ओलं राहायला हवं. चौदा दिवस राहिलं तर उत्तमच. पण तोवर मालक मुंबईला परतलेले असतात आणि मागे राहिलेल्या आजी पिण्याचं पाणी जपून वापरत असतात. अशा खळ्याची वरची कातडी दोन-चार पावसाळ्यांत खडबडीत होते. मग तिच्यावर शेवाळ धरतं आणि लोक माझ्याकडे येतात.

आता मशीनचं. घरगुती प्रेशर वॉशरच्या खोक्यावर ११० किंवा १३० बार असा आकडा छापलेला असतो. तो बहुधा कमाल दाब असतो, प्रत्यक्ष कामाचा दाब त्याहून कमी. एम-२० काँक्रीट २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणजे २०० बारचा भार सोसतं, हे माहीत असलेला एखादा इंजिनिअर पाहुणा मला ऐकवतो, "मग याला काय धाड भरलीय?" पण ती ताकद दाबाखाली चिरडण्याविरुद्धची. ओढून तोडायला गेलात तर काँक्रीट फार दुबळं असतं. मानकातल्या सूत्राने वाकताना तडकण्याची ताकद काढली तर एम-२० साठी ती जेमतेम ३१ बार येते, आणि आपलं खळं एम-२० असेलच याची खात्री कोण देणार? फवारा पोकळ्यांत, भेगांत घुसतो, तिथल्या पाण्याला मागे यायला जागा नसते, आणि ते आतून बाहेर ढकलायला लागतं. आधी सिमेंटचा लेप निघतो, मग वाळू, मग खडी उघडी पडते. जुन्या पुलांच्या दुरुस्तीत हीच करामत मुद्दाम वापरतात. हजार बारच्या वर दाब देऊन पाण्यानेच खराब झालेलं काँक्रीट उडवतात, चांगलं काँक्रीट आणि सळया जागच्या जागी राहतात. फवाऱ्याला कच्चा भाग बरोबर सापडतो. तुमच्या खळ्यात तो किती आहे, हे मशीन चालू करण्यापूर्वी पाहायला हवं.

पाहायला उपकरण लागत नाही. कोरड्या दिवशी कोपऱ्यात किल्लीने ओरखडा काढा. चांगल्या काँक्रीटवर किल्लीचीच चमक उमटते; कच्च्यावर खोबण पडते नि भुकटी निघते. तळहात घासून पाहा, पांढुरका झाला तर पृष्ठभाग सुटायला लागलाय. पाण्याचे चार थेंब टाका, ते लगेच जिरून डाग काळा पडला तर आत पोकळ्या भरपूर. शेवटी हातोडीच्या दांड्याने ठोकत चला. जिथे बद्द आवाज येतो तिथे वरचा थर खालून सुटलेला आहे, तिथे फवारा नेऊच नका.

यात खळं नापास झालं तरी शेवाळ काढता येतं. शेवाळ मारायचं ते औषधाने आणि घासायचं ते हाताने. पाण्याने फक्त वाहून न्यायचं. ब्लीचिंग पावडर अर्ध्या बादलीत दोन मुठी कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरची निवळी वापरा. पावसाने उघडीप दिलेला दिवस धरा. खळं आधी साध्या पाण्याने भिजवा, निवळी पसरा, पंधरा-वीस मिनिटं वाळू देऊ नका. हिरवं तपकिरी झालं की खराट्याने किंवा नारळाच्या सोडणाने घासा. तारेचा ब्रश नको. तुळशीवृंदावन आणि फुलझाडांवर आधी नि नंतर भरपूर पाणी मारा, आणि उतार विहिरीकडे असेल तर हा उद्योग करूच नका, नुसतं घासा.

अॅसिडचं नाव काढलं की मी चिडतो. संडास साफ करायचं हायड्रोक्लोरिक अॅसिड काँक्रीटवर फसफसतं, लोकांना वाटतं मळ निघतोय. निघत असतो तो सिमेंटमधला चुना. तेच अॅसिड ब्लीचिंगला लागलं तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. सळया असलेल्या स्लॅबवर तर अॅसिड नको आणि ब्लीचिंगही नको, कारण क्लोराइडने लोखंड गंजतं. खाडीची न धुतलेली वाळू वापरलेल्या जुन्या गच्च्यांमध्ये मीठ आधीच बसलेलं आहे, त्यात आणखी भर कशाला?

एवढं झाल्यावर मशीन. फवारा पंख्यासारखा रुंद उघडा. रंगीत नोझल मिळाली असतील तर पांढरी, ४० अंशांची. लाल म्हणजे शून्य अंशाची धार, तिला हात लावू नका. गोल फिरणारी टर्बो नोझल मी खळ्यासाठी देतच नाही. ती म्हणजे तीच शून्य अंशाची धार, फक्त गरगर फिरणारी. ट्रॅक्टरच्या चाकाला ठीक. ट्रिगर हवेत दाबा, मग धार खाली आणा, कारण जमिनीवर रोखून दाबलं की पहिल्या क्षणीच खड्डा पडतो. दोन फुटांवरून सुरू करा. निघत नसेल तर फुटापर्यंत या, त्याच्या आत नाही. अंतर निम्मं केलं की मार दुपटीहून जास्त वाढतो. हात थांबता कामा नये. कडा, भेगा, सांधे यांच्यावर थेट मारू नका.

पहिला हात मारायचा तो पाण्याच्या टाकीमागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी. एक वहिनी मशीन नेताना म्हणाल्या, "काका, किती मारायचं ते कळणार कसं?" मी म्हटलं, "वाहणाऱ्या पाण्याचा रंग बघा. हिरवं-तपकिरी वाहतंय तोवर चालू द्या. दुधट झालं, पायाखाली वाळू करकरली, की बटण बंद." यापेक्षा चांगला मीटर माझ्या दुकानात नाही.

पायात बूट हवेत. ही धार कातडी फोडून आत जाते. जखम बारीक दिसली तरी तडक दवाखाना गाठायचा. आणि ज्या बोर्डाला गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी नाही, त्यावर ओल्यात मशीन लावायचं नाही.

चिखलाची गोष्ट वेगळी. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा गाळ काढायला लोक हीच मशीनं शोधत होते. पण घरगुती मशीन मिनिटाला सहा-सात लिटर पाणी देतं आणि अंगणातला साधा पाइप त्याच्या दुप्पट सहज. गाळाला धार नको, लोंढा हवा, आणि तोही गाळ वाळायच्या आत. जांभ्याच्या उघड्या चिऱ्यांवर तर ही धार अजिबात नको, चिऱ्याच्या भोकांतली माती निघून चिरा पोखरतो.

जोर लावून धुतलेलं खळं त्या दिवशी नवं दिसतं. पण वरची कातडी गेलेली असते, पाणी जास्त धरून राहतं, आणि पुढच्या श्रावणात शेवाळ आधीपेक्षा दाट येतं. त्यापेक्षा फणसाची खळ्यावर आलेली फांदी उतरवा, पाणी साचतं तिथला उतार दुरुस्त करा. दिवाळीनंतर खळं कोरडं झालं की सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचं हार्डनर मारता येतं. ते काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावून वरचा थर थोडा घट्ट करतं. खोलवर कच्च्या मालाला त्याने काही होत नाही.

आणि केरसुणीनेच वाळू निघत असेल, तर मशीन माझ्याकडेच राहू द्या. वर सिमेंटचा पातळ हात फिरवून घेऊ नका, तो टिकत नाही. सुटलेला थर फोडून नवं खळं घाला, डिसेंबरात, विहिरीला पाणी असताना. आणि गवंड्याजवळ एक मोजायची बादली ठेवा.