हंगामी चालक, प्रवासखर्च आणि प्राप्तिकर

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, हे आपल्याकडील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १९५० च्या अखेरीस प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि उसाच्या गाड्यांनी रस्ते भरू लागले. पुढे शिर्डीची वर्दळ वाढली, सुप्याला औद्योगिक वसाहत उभी राहिली. २०२४ पासून अहिल्यानगर हे अधिकृत नाव धारण करणारा आपला जिल्हा असा चाकांवर चालतो. मात्र ही चाके फिरविणाऱ्यांत कायम नोकरीचे भाग्य थोड्यांनाच लाभते. बाकीचे कोणी बदली चालक, कोणी गळीत हंगामापुरते, कोणी कंत्राटदाराकडे. आपल्या वर्गातील कित्येकांची फी याच कमाईतून भरली जाते. म्हणून अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने या मंडळींच्या एका नेहमीच्या प्रश्नाचा येथे विचार करीत आहे. कामासाठी पदरचे पैसे खर्चून जो प्रवास करावा लागतो, त्याची प्राप्तिकरात सवलत मिळते का?

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण प्रवास दोन प्रकारचा असतो. राहुरीहून नगरला रोज कामावर येणे हा एक प्रवास; कामावर हजर झाल्यानंतर मालकाच्या हुकमाने नगरहून सोलापूरला जाणे हा दुसरा. पहिला प्रवास कामाला पोचण्यासाठी असतो, दुसरा हेच काम असते. माणसाने कोठे राहावे ही त्याची खाजगी बाब, तेव्हा घर ते कामाची जागा हा खर्चही खाजगी, असे कायदा मानतो. कामाच्या ओघात झालेल्या प्रवासाचा विचार तो वेगळा करतो.

इतर देशांतही हीच विभागणी दिसते. ब्रिटनमध्ये तात्पुरत्या कामाच्या ठिकाणी जाण्याचा खर्च नोकरदाराला उत्पन्नातून वजा करता येतो. मात्र तेथील काम २४ महिन्यांहून अधिक चालणार असेल तर ती जागा सहसा तात्पुरती मानली जात नाही. मधल्या कंपनीमार्फत दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करणाऱ्यांची घर ते काम ही सवलत तर तेथे एप्रिल २०१६ पासून बंदच झाली. आपल्या कायद्याची वाट याहून निराळी आहे.

आपल्याकडे प्रथम विचारायचा प्रश्न असा : हा चालक नोकर की कंत्राटी? वेळ, मार्ग आणि गाडी मालकाची, आणि हुकूमही त्याचाच असेल तर चालक बहुधा नोकर ठरतो. मग नेमणूक तीन महिन्यांची का असेना. त्याची कमाई ‘पगार’ या सदरात जाते. पगारदाराला पेट्रोलची किंवा बसच्या तिकिटांची बिले जोडून खर्च वजा करता येत नाही. त्याऐवजी सरकारने ठोक रक्कम ठरवून दिली आहे. तिला प्रमाणित वजावट म्हणतात. १९७४ च्या वित्त कायद्याने ती आणली, २००५ मध्ये ती काढून टाकली गेली, २०१८ च्या अर्थसंकल्पाने ४०,००० रुपयांच्या रूपात परत आली, २०१९ मध्ये ५०,००० झाली आणि २०२४ मध्ये नव्या करप्रणालीपुरती ७५,००० झाली. तिला पावती लागत नाही. मोटारसायकलवरून रोज तीस मैल तुडविणारा आणि कारखान्याच्या आवारातच राहणारा, दोघांना ती सारखीच. यात न्याय किती आणि सोय किती, हा वादाचा विषय आहे. पण पावत्या जपण्याची सवय नसलेल्या माणसाला ही सोय लहान नव्हे.

ठोक वजावटीखेरीज पगारदाराला दुसरी वाट आहे ती भत्त्यांची. आषाढीसाठी एखाद्या चालकाला नगरहून पंढरपूरला धाडले आणि मालकाने प्रवासभत्ता व दैनिक भत्ता दिला, तर त्या कामी प्रत्यक्ष खर्च झालेली रक्कम करमुक्त असते. उरलेली रक्कम मात्र पगारात मिळवावी लागते. वाहतूक व्यवसायातील नोकरांसाठी आणखी एक खास तरतूद होती. २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतच्या नियमांप्रमाणे, गाडी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना होणाऱ्या स्वतःच्या खर्चासाठी भत्ता मिळत असेल, तर त्याचे ७० टक्के किंवा दरमहा १०,००० रुपये, यांपैकी कमी रक्कम करमुक्त धरीत. भत्ता ६,००० असेल तर ४,२०० सुटत. १६,००० असेल तर ७० टक्के ११,२०० होतात, म्हणून १०,०००च सुटत. यास दोन अटी होत्या : दैनिक भत्ता मिळत नसावा आणि करदात्याने जुनी करप्रणाली निवडलेली असावी. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भत्ता मालकाने दिला असेल तरच ही सूट मिळते. मालकाने काही न देता चालकाने स्वतःच्या खिशातून केलेला खर्च या दाराने आत येत नाही.

आता कंत्राटी चालकाकडे वळू. तो खरोखर स्वतंत्रपणे काम घेत असेल तर त्याची कमाई ‘व्यवसायाचे उत्पन्न’ होते, आणि सर्वस्वी व्यवसायासाठीच केलेला खर्च त्याला वजा करता येतो. बाहेरगावी काम उरकून रिकाम्या हाताने परत येतानाचे एसटीचे तिकीट, मुक्कामाचे लॉजचे भाडे ही त्याची उदाहरणे. येथे मात्र पुरावा हवा. तारीख, कोठून कोठे, कोणाचे काम, किती रुपये, एवढे चार रकाने असलेली साधी वही रोज भरली आणि तिकिटे तिच्यात ठेवली, तरी पुष्कळ काम भागते. ज्याच्या स्वतःच्या नावावर मालट्रक आहेत, पण दहाहून अधिक नाहीत, त्याच्यासाठी हिशेबाविना ठोक उत्पन्न दाखविण्याची सोय १९६१ च्या कायद्याच्या कलम ४४-एई मध्ये होती. दुसऱ्याची गाडी चालविणाऱ्याला ती लागू नव्हती. या दोहोंची गल्लत पुष्कळदा होते.

इथवर वाचणाऱ्याच्या मनात सहज येईल, की एवढा खटाटोप करून वाचणार किती? प्रश्न रास्त आहे. २०२५-२६ या वर्षी नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नव्हता, आणि सूट धरता १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर काहीच भरावे लागत नव्हते. हंगामी चालकाची कमाई याच्या कितीतरी खाली असते. जो कर लागतच नाही त्यात सवलत ती कसली? पण खरी मेख येथेच आहे. कर लागत नसला तरी कापला मात्र जातो.

माझ्या मामांचे उदाहरण देतो. ते एका कंत्राटदाराकडे कामगारांची बस चालवितात. दरमहा १८,००० ठरलेले. हाती येतात १७,८२०. तीन वर्षे ते या १८० रुपयांना ‘कंत्राटदाराचे कमिशन’ समजत होते. विचारले तर ‘सरकार कापते’ एवढेच उत्तर मिळे. कंत्राटदार त्यांना नोकर न मानता ठेकेदार मानून एक टक्का कर कापीत होता. वर्षाचे २,१६० आणि तीन वर्षांचे ६,४८० रुपये मामांच्या पॅन क्रमांकावर सरकारजमा झाले होते. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावरील २६-एएस या पत्रकात ते एकेका तिमाहीनुसार दिसले. विवरणपत्र कधी भरलेच नव्हते, म्हणून परतावाही नव्हता. गेल्या वर्षाचे विवरणपत्र आम्ही भरले आणि २,१६० रुपये त्यांच्या खात्यात आले. मागील वर्षांसाठी विलंब माफ करण्याचा अर्ज करावा लागतो. २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे त्यास पाच वर्षांची मर्यादा आहे. २,१६० रुपये म्हणजे मामांच्या घरी दोन मुलांची वह्या-पुस्तके.

पॅन दिलाच नाही किंवा आधारशी न जोडल्याने तो निष्क्रिय झाला, तर हीच कपात एकऐवजी वीस टक्के होऊ शकते. १८,००० वर ३,६०० ! तेव्हा चालकाने तीन गोष्टी पाहाव्यात : पॅन चालू आहे का, कंत्राटदाराने तो बिनचूक नोंदविला आहे का, आणि वर्षअखेर कपातीचा दाखला मिळाला का.

एक इशाराही दिला पाहिजे. खोट्या वजावटी दाखवून मोठा परतावा ‘काढून देतो’ म्हणणारे मध्यस्थ गावोगाव भेटतात. चुकीची माहिती जाणूनबुजून दिल्यास चुकविलेल्या कराच्या दुप्पट दंडाची तरतूद १९६१ च्या कायद्यात होती, आणि विवरणपत्रावर नाव मध्यस्थाचे नसते, चालकाचे असते. १ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याची जागा २०२५ च्या प्राप्तिकर कायद्याने घेतली आहे. कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून अर्ज भरताना त्या त्या वर्षाचे नियम पाहून घ्यावेत.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. आकडेमोड वाणिज्यवाल्यांची, असे म्हणून आपण हात झटकतो. पण या कामी आकडेमोड थोडी आणि वाचन फार आहे. सरकारी भाषा वाचून ती घरच्या भाषेत सांगणे हे तर आपलेच काम. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच शिबिरात एक दिवस बसस्थानकाजवळ टेबल मांडून चालकांना त्यांचे २६-एएस उघडून दाखविले, तर कित्येकांना आपलेच विसरलेले पैसे भेटतील. निदान प्रत्येकाने आपल्या घरच्या चालकापासून आरंभ करावा.